आबा ज्या गावी पहाऱ्यावर होते

आमच्या चिरंजीवांना गेल्या वर्षी शाळेत इतिहासाचा एक प्रकल्प होता. विषय, दुसऱ्या महायुद्धानंतरचं जपान. रात्री जेवणं झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत शीर्षक होतं, 'वुई रीबिल्ट जपान'. मी विचारलं, "वुई म्हणजे कोण रे?" तो म्हणाला, "वुई म्हणजे आपण. अमेरिका."

तसं त्याचं काही चुकलं नव्हतं. जन्म त्याचा मिशिगनचा. पण मंडळी, आपल्या भाषेत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. इंग्रजीला एकच 'वुई' पुरतो. त्याच्या त्या 'वुई'त मी बसतो की नाही, हे मलाच पटकन सांगता येईना. शिवाय एक गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. त्याचे पणजोबा, म्हणजे माझे आजोबा, त्या वेळी खरोखरच जपानमध्ये होते. जिंकलेल्यांच्या फौजेत होते. पण ते ना अमेरिकन होते, ना इंग्रज. ते होते सातारा जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावचे कूळ.

आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत होते. ही पलटण इटलीत लढली. सेनियो नदीच्या लढाईत एप्रिल १९४५ मध्ये नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच ही पलटण. युद्ध संपलं, आता घरी जायचं, असं सगळ्यांना वाटत असताना हुकूम आला की जपानला जायचं. जपानवर ताबा मुख्यतः अमेरिकेचा होता. पण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत यांची मिळून एक राष्ट्रकुल फौज १९४६ च्या सुरुवातीपासून जपानच्या पश्चिम भागात उतरली. ऐन भरात ती सुमारे ४० हजारांची होती, आणि त्यांत सुमारे १० हजार आपले लोक होते. भारतीय तुकड्यांकडे ओकायामा, शिमाने, तोत्तोरी हे भाग आले. त्यातल्या एका ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर थिमय्या, जे पुढे स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झाले.

काळ कसला होता बघा. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांचं बंड झालेलं. दिल्लीत आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले ताजे. ज्या जपानने नेताजींना मदत केली, त्याच जपानवर पहारा करायला आमचे आबा इंग्रजांच्या पगारावर निघाले होते. आपला देश दुसऱ्याच्या ताब्यात, आणि आपण तिसऱ्याचा देश ताब्यात ठेवायला जायचं! याबद्दल त्यांना काय वाटलं, हे विचारायची अक्कल मला आली तेव्हा आबा राहिले नव्हते. १९९८ साली ते गेले, मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. जपानच्या त्यांच्या दोनच आठवणी मला ठाऊक आहेत. त्या पुढे येतीलच.

प्रकल्प शाळेत जमा झाला, मार्कही चांगले मिळाले. पण तो 'वुई' माझ्या डोक्यातून जाईना. योगायोगाने गेल्या नोव्हेंबरात कंपनीच्या कामासाठी ओकायामाजवळच्या एका कारखान्यात आठवडाभर जायचं ठरलं. मी पुढेमागे दोन-दोन दिवस रजा जोडली आणि निघालो.

टोकियोत पहिल्या दिवशी मी देवळं-बिवळं न बघता थेट हिबियाला गेलो. सम्राटाच्या राजवाड्याभोवती रुंद खंदक आहे आणि खंदकाच्या पलीकडे चौकोनी दगडी खांबांची एक भारदस्त इमारत उभी आहे. ही दाइ-इचि या विमा कंपनीची इमारत. जनरल मॅकआर्थरचं मुख्यालय इथे होतं. सहाव्या मजल्यावर त्याची खोली अजून जपून ठेवली आहे म्हणतात. मी बाहेरूनच बघितली. जागा कशी निवडली आहे ते मात्र उभं राहिल्याशिवाय कळत नाही. एका बाजूला सम्राट आणि समोर, रस्त्यापलीकडे, त्याच्यावरचा नवा साहेब. टोकियोचा बराचसा भाग बॉम्बफेकीत जळून गेला होता, ही इमारत मात्र उभी राहिली होती.

याच इमारतीत फेब्रुवारी १९४६ मध्ये मॅकआर्थरच्या माणसांनी जपानच्या राज्यघटनेचा मसुदा जेमतेम आठवड्याभरात लिहिला. लिहिणाऱ्यांत बेआते सिरोता नावाची बावीस वर्षांची मुलगी होती. तिचं बालपण जपानमध्ये गेलेलं. लग्नात आणि घरात स्त्री-पुरुषांना समान हक्क देणारं कलम मुळात तिच्या हातचं. परक्यांनी आठवड्याभरात लिहिलेली घटना किती दिवस टिकेल, असं कुणालाही वाटेल. पण ३ मे १९४७ ला ती लागू झाली आणि आजपर्यंत तिच्यात एकही दुरुस्ती झालेली नाही.

मी शिक्षणाने इंजिनिअर. एखादी गोष्ट इतकी वर्षं न मोडता चालली तर ती का चालली, हे शोधायची खोड आहे. तेव्हा जाण्याआधी थोडं वाचलं होतं. डिसेंबर १९४५ मध्येच काही जपानी अभ्यासकांनी स्वतःहून एका घटनेचा मसुदा जाहीर केला होता, आणि अमेरिकन मंडळींनी तो वाचला होता. प्रत्येकाला किमान चांगलं, सुसंस्कृत आयुष्य जगण्याचा हक्क आहे असं सांगणारं कलम अमेरिकन मसुद्यात नव्हतं. ते जपानी संसदेत समाजवादी सभासदांनी घालून घेतलं. ज्या संसदेने हे केलं ती १० एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत निवडून आली होती. त्या निवडणुकीत जपानी बायकांनी पहिल्यांदा मत दिलं आणि ३९ बायका निवडून आल्या. म्हणजे कागद परक्याचा असला, तरी त्यावर घरच्यांचं हस्ताक्षरही होतं.

नाण्याची दुसरी बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. लोकशाही शिकवणाऱ्या या साहेबांच्या राज्यात वर्तमानपत्रं छापण्याआधी तपासली जात. अणुबॉम्बने झालेल्या हालांबद्दल मोकळेपणाने लिहिता येत नसे. सेन्सॉर आहे, हेसुद्धा लिहायची बंदी होती! कामगारांना संघटना करायला सांगितलं, आणि १ फेब्रुवारी १९४७ चा सार्वत्रिक संप मॅकआर्थरने आदल्या दिवशी मोडून काढला. ताबा ठेवणाऱ्या फौजेचा खर्च उपाशी जपानच्याच तिजोरीतून जात होता. मुख्य भूमीवरचा ताबा २८ एप्रिल १९५२ ला संपला, पण ओकिनावाला १९७२ पर्यंत वाट बघावी लागली.

आणि भूक! १९४५ चं भाताचं पीक बुडालं होतं. शहरातले लोक कपडे, किमोनो घेऊन खेड्यात जात आणि ते देऊन रताळी-तांदूळ आणत. त्या जगण्याला जपानी लोकांनी 'बांबूच्या कोंबाचं जिणं' असं नाव दिलं होतं. कोंबाचा एकेक पापुद्रा सोलावा तसा अंगावरचा एकेक कपडा विकायचा. आबांची पहिली आठवण याच भुकेची. त्यांच्या फौजेला जपानी लोकांशी बोलायची-मिसळायची सक्त मनाई होती. तरी लंगरच्या मागच्या बाजूला पोरं येऊन उभी राहात, आणि आबा आपली उरलेली चपाती त्यांना देत. "पोरं चपाती खायची न्हाईत लगीच," आबा सांगायचे. "निम्मी खिशात घालायची. घरला कुणी तरी असणारच की!"

टोकियोहून शिंकान्सेनने सव्वातीन तासांत ओकायामा. हे शहर २९ जून १९४५ च्या पहाटे बॉम्बने जाळलं गेलं. १७०० च्या वर माणसं मेली. नदीकाठचा काळाभोर किल्ला त्याच रात्री जळाला. आज दिसतो तो १९६६ साली काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला. आत लिफ्ट आहे! नदीपलीकडचं कोराकुएन उद्यान मात्र बघत राहावं असं. गवताचा गालिचा, मधून वाहणारे पाट, आणि चक्क एक छोटासा भातखाचराचा तुकडाही.

कारखान्यात माझे यजमान म्हणजे निवृत्तीला आलेले एक ज्येष्ठ इंजिनिअर. काम संपल्यावर त्यांनी मला शॉप फ्लोअरवर नेलं. भिंतीवर प्रत्येक मशीनचा कंट्रोल चार्ट लावलेला, आणि मशीनवर काम करणारा स्वतःच त्यावर ठिपका मांडत होता. आमच्या धंद्यात डेमिंग हे नाव गणपतीसारखं, कोणत्याही सभेत आधी घ्यायचं. हा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ १९५० साली, ताब्याच्याच काळात, जपानी शास्त्रज्ञ-इंजिनिअरांच्या संघटनेच्या आमंत्रणावरून व्याख्यानं द्यायला आला. व्याख्यानांच्या पुस्तकाचं मानधन त्याने संघटनेलाच देऊन टाकलं, आणि १९५१ पासून जपान्यांनी त्याच्या नावाने बक्षीस सुरू केलं. अमेरिकेत त्याचं नाव सर्वसामान्यांना कळलं ते १९८० मध्ये, 'जपानला जमतं तर आपल्याला का नाही' अशा अर्थाच्या एका टीव्ही कार्यक्रमानंतर. माल अमेरिकेचा, पण गिऱ्हाईक जपानी! यजमान हसून म्हणाले, "शिकवायला पुष्कळ लोक आले होते. आम्ही जे उपयोगी होतं ते ठेवलं."

शनिवारी मी मात्सुएला जाणार आहे म्हटल्यावर यजमानांना नवल वाटलं. परदेशी माणूस हिरोशिमाला जातो, मात्सुएला कशाला? मी आबांबद्दल सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "माझं मूळ गाव त्याच बाजूला. मी येतो तुमच्याबरोबर."

ओकायामाहून 'याकुमो' नावाची गाडी निघते, अडीच-एक तास लागतात. गाडी नदीचा काठ धरून डोंगरात शिरते. वळणं इतकी की कोकण रेल्वे आठवावी. दोन्ही बाजूंना गर्द झाडी आणि मधल्या चिंचोळ्या जागेत भातखाचरं, कापणी झालेली. घाटमाथा ओलांडला की हवा बदलते, आभाळ खाली येतं. योनागोच्या आसपास उजव्या हाताला दाइसेन पर्वत दिसतो. त्या दिवशी त्याचा माथा ढगांत होता.

गाडीत यजमानांनी त्यांच्या घरची गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा जमीनदार होते. फार मोठे नव्हेत, पण दहा-बारा कुळं होती. युद्धाआधी जपानमधली जवळजवळ निम्मी शेतजमीन कुळं कसत होती आणि पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून मालकाच्या घरी जात होता. ऑक्टोबर १९४६ मध्ये नवा कायदा झाला. गावात न राहणाऱ्या मालकाची कुळाकडची सगळी जमीन, आणि राहणाऱ्याची साधारण एका हेक्टरवरची, सरकारने विकत घ्यायची आणि कसणाऱ्याला विकायची. किंमत ठरली, पण महागाई अशी भडकली की पैसे हातात पडेपर्यंत त्यांची किंमतच उरली नाही. "आजी म्हणायची, एका शेताचे पैसे आले त्यात सिगरेटची पाकिटं आली असती," यजमान म्हणाले. सुमारे २० लाख हेक्टर जमिनीचे मालक अशा रीतीने बदलले. कुळांकडची जमीन शेकडा ४६ होती ती १० च्या आसपास आली.

हुकूम मॅकआर्थरचा खरा. पण जपानी शेतीखात्यातल्या काही अधिकाऱ्यांच्या मनात हे युद्धाआधीपासून होतं, आणि १९४५ संपायच्या आत त्यांनी आपला एक कायदा पुढेही केला होता. तो पुरेसा कडक नाही म्हणून परत गेला, एवढंच. आणि अंमलबजावणी अमेरिकन सोजिरांनी केली नाही. गावोगाव निवडून आलेल्या समित्यांनी केली. पाच कुळं, तीन मालक, दोन स्वतःची जमीन कसणारे, अशी दहा माणसं गावातच बसून शेतांची यादी करत होती.

हे ऐकलं आणि आबांची दुसरी आठवण मला लख्ख आठवली. हिवाळ्याचे दिवस, गुडघाभर बर्फ. गस्तीवर असताना एका खेड्यातल्या शाळेत माणसं बसलेली दिसली. जमाव कसला म्हणून बघायला गेले, तर दुभाष्याने सांगितलं, जमिनीची बैठक आहे. "मालक आन् कुळं एकाच चटईवर बसल्याली म्या बगितली," आबा सांगायचे. "मालकानं खाली मान घातली व्हती. पर उठून कुणी गेलं न्हाई. म्या मनात म्हटलं, आपल्याकडं ह्ये कवा हुयाचं?"

मी यजमानांना हे सांगितलं. माझे आजोबा कूळ होते, हेही सांगितलं. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "खाली मान घातलेला तो माणूस माझे आजोबा असतील किंवा नसतीलही. तशी माणसं प्रत्येक गावात होती." मग थोड्या वेळाने म्हणाले, "जमीन गेली म्हणून वडिलांना तांत्रिक शाळेत घातलं. नाहीतर मी इंजिनिअर झालो नसतो. आजी मात्र मरेपर्यंत त्या कुळांच्या घरचं पाणी प्यायली नाही."

आबा १९४७ मध्ये बाकी भारतीय फौजेबरोबर परत आले. १९४८ ला मुंबई राज्याचा कूळ कायदा झाला. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला मालक मानलं गेलं. किंमत ठरायला, हप्ते फेडायला बरीच वर्षं गेली, पण शेवटी सातबाऱ्यावर आबांचं नाव लागलं. पावणेतीन एकर. त्या पावणेतीन एकरावर कर्ज काढून मला अमेरिकेला एम. एस.साठी पाठवलं. आमचा मालक कुणी नवाब नव्हता. साताऱ्यात राहणारी एक विधवा बाई होती, आणि तिला दोन लहान मुलं होती. आबांना कायम त्याची टोचणी होती. दिवाळीला ते तिच्याकडे पायलीभर ज्वारी पोचवून यायचे.

हे मी आपल्या अंकात मुद्दाम लिहितो आहे. आपल्या मंडळात कूळ कायद्यात जमीन गेलेली घरं आहेत आणि मिळालेलीही आहेत. गणपतीत आपण एकाच सतरंजीवर बसतो, पण या विषयावर कधी बोलत नाही. मी तरी आजवर बोललो नव्हतो. तो पहिल्यांदा बोललो, तो परक्या देशातल्या आगगाडीत, एका मालकाच्या नातवाशी.

मात्सुए हे शिंजी सरोवराच्या काठचं शांत गाव. इथला किल्ला १६११ चा, आणि लाकडी बुरूज अजून मूळचा. १८७५ मध्ये सरकारने तो मोडीत काढायचं ठरवलं होतं, तेव्हा इथल्याच लोकांनी पैसे गोळा करून तो वाचवला. चपला काढून, मोजे घालून उभ्या जिन्यांनी वर चढायचं. वरच्या मजल्यावर चारी बाजू मोकळ्या. समोर सरोवर, मागे डोंगर. आबा कुठल्या बराकीत होते, कुठल्या शाळेत ती बैठक भरली होती, ते मला शोधता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार शोधलंही नाही. या सरोवरावरून येणारा गार वारा त्यांनीही खाल्ला असणार, एवढं मला पुरे होतं. संध्याकाळी आम्ही दोघं सरोवरकाठी बसलो. एका छोट्या बेटावर वाकलेली पाइनची झाडं आणि त्यांच्यामागे सूर्य बुडताना. रात्री याच सरोवरातल्या बारक्या तिसऱ्यांचं गरम सूप प्यायलो. शाकाहारी वाचकांनी क्षमा करावी!

परतीच्या विमानात हिशोब मांडत होतो. २००३ साली इराकमध्ये फौजा गेल्या, तेव्हा जपानचा दाखला कितीजणांनी दिला होता! तिथे काय झालं ते आपण सगळ्यांनी इथे बसून टीव्हीवर बघितलं. जपानमध्ये फौज बरखास्त केली, पण सरकार, कचेऱ्या, शाळा, तलाठी-मामलेदार म्हणावेत असे लोक जागेवर ठेवले आणि त्यांच्याच हातून कामं करून घेतली. इराकमध्ये सैन्याबरोबर सरकारी यंत्रणेतले हजारो लोकही घरी बसवले. शिवाय जपानमध्ये जे बदल टिकले, ते मागणारी माणसं तिथे आधीपासून होती. अमेरिकेने सुमारे २ अब्ज डॉलरची मदत दिली, धान्य दिलं, हे विसरून चालणार नाही. जमीनदारांचा आणि जुन्या सेनापतींचा अडसर तिने दूर केला, हेही खरं. पण बंद दार बाहेरून उघडून देता आलं, तरी घर आतल्यांनीच सावरायचं असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर चार्ट कुणीही देईल, रोज ठिपका मांडणारा माणूस तिथलाच हवा.

घरी आल्यावर चिरंजीवांना सगळं सांगितलं. गावाकडच्या चुलतभावाला फोन करून सातबाऱ्याची प्रत मागवली आणि त्याच्यापुढे ठेवली. मोडकंतोडकं देवनागरी वाचत त्याने आबांचं नाव बोटाने शोधून काढलं. मग म्हणाला, "मग बाबा, मी काय लिहायला हवं होतं? दे रीबिल्ट?" मी म्हटलं, "हो. आणि खाली एक ओळ घाल, की आपले पणजोबा तिथे पहाऱ्यावर होते." त्याने 'आपले' हा शब्द स्वतःशी एकदा म्हणून बघितला.

कुणी जपानला जाणार असाल, तर टोकियो-क्योतो झाल्यावर दोन दिवस मात्सुएसाठी जरूर ठेवा. नोव्हेंबरात जा, पण स्वेटर न्या. आणि तुमच्या घरी त्या पलटणीतलं कुणी असेल, एखादा जुना फोटो किंवा पत्र असेल, तर मला जरूर कळवा.